ठेंगण्या मोटारीला उचलताना

ठाणे-बेलापूर रस्त्याने ठाण्याकडून वाशीकडे येताना रबाळे मागे पडले आणि घणसोली जवळ आली, की मध्ये तळवली हे गाव लागते. त्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकची डोंगररांग, आणि डोंगर व गाव यांच्या दरम्यान औद्योगिक विकास महामंडळाचे ते विस्तीर्ण क्षेत्र, ज्याच्या कारखान्यांच्या भोंग्यांवर दोन पिढ्यांनी आपली घड्याळे लावली. १९६२ साली हे महामंडळ स्थापन झाले, १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर संपादनाचा हुकूम बजावला गेला. आणि भात, मीठ व मासळी यांवर शतकानुशतके जगलेल्या आगरी-कोळी वस्त्यांच्या उंबऱ्याशी रसायनांच्या टाक्या, मालट्रक आणि मोटारदुरुस्तीची गॅरेजे येऊन उभी राहिली. २००४ साली ठाणे-वाशी लोहमार्ग सुरू झाला, २०१८ साली घणसोली-तळवली उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला, आणि गावठाणाच्या चिंचोळ्या गल्ल्यांना लागून बहुमजली इमारतींचे वाहनतळ वाढत गेले.

या वाहनतळांत आता अशा मोटारी उभ्या दिसतात, ज्यांच्यासाठी हा रस्ता, ही फरशी आणि येथील गॅरेजातील अवजारे यांपैकी काहीही मुळात योजिलेले नव्हते. पाम बीच मार्गावर रविवारच्या पहाटे ज्या ठेंगण्या, रुंद आणि जमिनीला चिकटून धावणाऱ्या गाड्या आपण पाहतो, त्यांना केव्हा ना केव्हा टायर बदलावा लागतो, ब्रेकचे पॅड बदलावे लागतात, पोटाखालचे आवरण दगडाने फाटले असेल तर ते सोडवून पाहावे लागते. अधिकृत सेवाकेंद्रांत दोन खांबी लिफ्ट असते आणि तिचे लांब, चपटे हात अशा गाडीच्या पोटाखाली सहज सरकतात, म्हणून तेथे हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. तो भेडसावतो रबाळे-महापेच्या लहान गॅरेजांत, तळवलीच्या एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर, आणि त्या तरुणाच्या दारात, ज्याने इटालियन गाडी घेतलेली नाही, पण आपल्या साध्या सेडानच्या स्प्रिंगा बदलून तिला चार बोटे खाली बसवली आहे. या सर्वांना लागणारे अवजार एकच, चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक, ज्याला आपले कारागीर ट्रॉली जॅक म्हणतात. तो कसा निवडावा, आणि निवडल्यावर त्याच्यावर किती विसंबावे, याचा विचार आपल्याकडे जितका व्हावयास हवा तितका झालेला नाही, असे मला या भागातील गॅरेजे पाहिल्यावर स्पष्टपणे वाटते.

प्रथम या ठेंगणेपणाचे माप पाहू. आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची असलेली मारुती स्विफ्ट जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर असते; खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच अंतर बहुधा १०० ते १३० मिलिमीटरच्या दरम्यान येते, आणि पुढच्या बंपरच्या ओठाखाली ते आणखी कमी भरते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचा जो नमुना ठरवून दिला, त्याची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. म्हणजे नियमाबरहुकूम बांधलेला गतिरोधकसुद्धा अशा गाडीच्या पोटाला जवळजवळ शिवतो, मग गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी रातोरात घातलेल्या उंचवट्यांची गोष्ट दूरच राहिली. मोटार खाली बसविण्यामागे केवळ शोभा नाही. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी वळणावर गाडी कमी कलंडते, आणि पोटाखालून जाणारी हवा जितकी थोडी, तितकी ती रस्त्याला अधिक घट्ट धरते. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात फोर्डने ल मांच्या शर्यतीसाठी जी गाडी घडविली, तिचे जीटी-४० हे नावच तिच्या चाळीस इंच उंचीवरून पडले. ज्या गाडीचे छप्पर उभ्या माणसाच्या कमरेला लागते, तिच्या पोटाखाली अवजार सारायला किती जागा उरणार, हे उघड आहे.

आपल्याकडे ज्यांनी स्पोर्ट्स कार घडविण्याचा प्रयत्न केला, त्यांच्यापुढेही हाच पेच उभा होता. गोव्यात तयार होणारी, फायबरग्लासच्या अंगाची आणि रेनॉच्या लहान इंजिनाची दोन आसनी सॅन स्टॉर्म १९९८ साली बाजारात आली; पुढे दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात अवंती मांडली, तेव्हा मधोमध इंजिन असलेल्या त्या गाडीची जमिनीपासूनची उंची भारतीय रस्त्यांचा मुलाहिजा राखून १७० मिलिमीटरच्या आसपास ठेवण्यात आली होती. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे ती गाडी गतिरोधकावर घासत नव्हती आणि तिच्याखाली साध्या गॅरेजातला साधा जॅकही जात होता. परदेशातून आलेल्या गाडीला हा मुलाहिजा माहीत नसतो. काही महाग गाड्यांत पुढचा भाग बटण दाबून सुमारे चार सेंटिमीटर वर घेण्याची सोय असते, आणि जॅक सारण्यापूर्वी तिचा उपयोग अवश्य करून घ्यावा. परंतु ती सोय पुढच्या चाकांपुरती असते, आणि विजेची बॅटरी उतरली असेल तर तीही उरत नाही.

आता साध्या ट्रॉली जॅककडे पाहावे. बाजारात मिळणारा दोन टनी जॅक पूर्ण खाली बसलेला असताना त्याची बैठक, म्हणजे गाडीला टेकणारी वरची वाटी, जमिनीपासून १३० ते १४० मिलिमीटर उंच असते. ११० मिलिमीटरच्या फटीत १३५ मिलिमीटरचे अवजार जात नाही, इतका हा हिशेब सरळ आहे. गाडीचा टायर बसलेला असेल तर तो आणखी कठोर होतो. कारण स्पोर्ट्स कारच्या रुंद टायरची बाजूची भिंत जेमतेम आठ-साडेआठ सेंटिमीटर असते, हवा गेली की तिचा बराच भाग दबतो, आणि नेमक्या ज्या कोपऱ्याला उचलावयाचे तोच कोपरा सर्वांत खाली गेलेला असतो. त्यात अशा बहुतेक गाड्यांत जादा चाक दिलेले नसते, आणि जादा चाक नाही म्हणून कंपनीने जॅकही दिलेला नसतो. छिद्र बुजविण्याच्या रसायनाची बाटली आणि हवा भरण्याचा लहान पंप एवढ्यावर मालकाची बोळवण केलेली असते. म्हणून कमी उंचीचा जॅक घेताना गाडीच्या पुस्तिकेतील उंची पाहून भागत नाही. टायर बसलेल्या अवस्थेत उचलण्याच्या ठिकाणाखाली किती फट उरेल, हे माप धरावे. चांगले लो-प्रोफाइल जॅक ७५ ते १०० मिलिमीटरपर्यंत खाली बसतात. येथे एक तपशील सर्रास नजरेआड होतो: वाटीवर रबरी गादी ठेवल्याशिवाय गाडीच्या पत्र्याला वा ॲल्युमिनियमच्या चौकटीला जॅक टेकवू नये, आणि ही गादी स्वतःच दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची असते. खोक्यावर छापलेल्या उंचीत तिची गणना केलेली असतेच असे नाही, तेव्हा दुकानातच गादी ठेवून फूटपट्टीने मोजावे.

बैठकीची उंची हा पहिला प्रश्न, पण तो एकटा नव्हे. गाडीच्या पुढच्या बाजूने उचलण्याची मजबूत जागा, म्हणजे आडवा तुळईसारखा क्रॉस मेंबर, बंपरच्या ओठापासून बरीच आत असते. मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत मागची जागाही तितकीच खोल असते. जॅकचे तोंड खाली बसलेले असले, तरी त्याच्या मागच्या अंगाला पंप, दांड्याची खोबण आणि चौकटीचा उंच भाग असतो. तोंड आत गेले आणि मागचा उंच भाग बंपरला अडला, तर ७५ मिलिमीटरची बढाई फुकट. म्हणून जॅक विकत घेताना त्याची लांबी किती, आणि त्या लांबीपैकी किती भाग खरोखर ठेंगणा आहे, हे बाजूने वाकून पाहिले पाहिजे. दांडा वरखाली करताना तोही बंपरला लागता कामा नये. दोन तुकड्यांचा दांडा आणि कमी कोनातही पंप मारता येण्याची सोय या गोष्टी येथे चैनीच्या नाहीत. मी पाहिलेल्या काही गॅरेजांत बंपरच्या ओठावर जे चरे आणि ओरखडे दाखविण्यात आले, त्यांतील पुष्कळ गतिरोधकाने पाडलेले नसून जॅकच्या दांड्याने पाडलेले होते, असे तेथील वयस्क कारागिरांचेच म्हणणे पडले.

हायड्रॉलिक जॅकमध्ये काय घडते ते एकदा समजले, की निवडीचे पुढचे पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाने सिद्ध केले. १७९५ साली जोसेफ ब्रामा याने इंग्लंडात त्याच तत्त्वावर द्रवदाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले, आणि १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन याने तेच तत्त्व उचलून नेता येईल अशा जॅकमध्ये आणले. पंपाचा लहान दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा आणि उचलणारा मोठा दट्ट्या चार सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळे एकास सोळा या प्रमाणात येतात, आणि लहानावर दिलेल्या जोराच्या सोळापट जोर मोठ्यावर उमटतो. लांब दांड्याच्या तरफेचा लाभ त्याहून वेगळा. तेल मागे परतू नये म्हणून एकमार्गी झडपा, भार मर्यादेबाहेर गेला तर तेल सोडून देणारी सुरक्षा झडप, आणि गाडी खाली घेण्यासाठी दांडा पिळून उघडावयाची झडप, एवढे त्याचे अंतरंग. यांपैकी शेवटची झडप घेणाऱ्याने स्वतः पारखावी. जी झडप किंचित पिळताच पूर्ण उघडते आणि भार धाडकन सोडते, ती ठेंगण्या गाडीला घातक असते, कारण तिच्या पोटाखालच्या आवरणाला आणि जमिनीला दरम्यान चूक पचविण्याइतके अंतरच नसते.

याहून महत्त्वाची, आणि आपल्याकडे जवळजवळ दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर जात नाही. ती एका लांब भुजेच्या टोकाला बसविलेली असते, आणि भुजा वर उठताना टोक वर्तुळाच्या कमानीवरून प्रवास करते. भुजा ४५ सेंटिमीटर लांब असेल आणि आडव्या स्थितीपासून तिने ३५ सेंटिमीटर उचल दिली, तर त्याच वेळी तिचे टोक जवळजवळ १६-१७ सेंटिमीटर मागे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, खेचले जाते. गाडी तर जागच्या जागी उभी. मग हे सोळा सेंटिमीटर कोठे जावयाचे? ते जातात जॅकच्या चाकांत. गाडी वर जाते तसतसा जॅक स्वतः आत सरकतो, आणि म्हणूनच त्याला चाके दिलेली आहेत; ती केवळ ने-आण करण्याच्या सोयीसाठी दिलेली आहेत, ही समजूत अनेक अपघातांच्या मुळाशी आहे. चाके अडली, तर जॅक सरकत नाही, आणि मग दोनच गोष्टी संभवतात: एक तर गाडी ओढली जाते, नाही तर वाटी आपल्या जागेवरून निसटते.

आता हा नियम घेऊन तळवलीच्या वाहनतळात उतरावे. तेथे जमीन बहुधा पेव्हर ब्लॉकची असते, ज्यांच्या सांध्यांत जॅकची लोखंडी चाके रुततात. कोठे कोठे पाणी वाहून जावे म्हणून उताराची फरशी असते. रस्त्यालगत उभी केलेली गाडी असेल तर उन्हाने मऊ झालेले डांबर चाकांखाली खचते. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत फरशीवर तेल आणि पाणी यांचा जो पातळ थर साचतो, त्यावर गाडीचीच उरलेली चाके घसरतात. चाकांखाली फळी टाकून जॅक वापरण्याचा शिरस्ता येथे आहे, पण फळी आखूड असली तर जॅकचे चाक तिच्या कडेवर येऊन अडते. आधारासाठी टाकावयाची फळी किंवा लोखंडी पत्रा जॅकच्या संपूर्ण प्रवासाला पुरेल एवढा लांब, सपाट आणि जाड असावा. सपाट, कठीण आणि समतल सिमेंटची जागा मिळत नसेल, तर माझे स्पष्ट मत असे की काम त्या जागी करू नये. फ्लॅटबेड बोलावून गाडी गॅरेजात न्यावी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, अवजड ट्रकांची रांग शेजारून धडधडत असताना, ठेंगणी गाडी जॅकवर घेण्याचे धाडस तर कोणत्याही कारणास्तव करू नये.

उचलण्याच्या क्षमतेविषयी लोक सर्वांत आधी विचारतात, आणि खरे तर तो सर्वांत सोपा प्रश्न आहे. लोटस एलिस १९९६ साली आली तेव्हा तिचे वजन ७२५ किलोच्या घरात होते. लॅम्बोर्गिनी हुराकानचे, इंधन व तेल वगळता, १,४२२ किलो भरते. ट्रॉली जॅक एका वेळी गाडीचे एकच टोक किंवा एकच बाजू उचलतो, तेव्हा त्याच्या वाट्याला साधारण अर्धा भार येतो, मागे जड असलेल्या गाडीत साठ टक्क्यांपर्यंत. दोन टनी जॅकला यात अवघड काही नाही. टनांचा आकडा वाढवीत नेण्याची जी प्रवृत्ती ग्राहकांत आढळते, ती ठेंगण्या गाडीच्या बाबतीत उलटी फळते, कारण टन वाढले की चौकट जाडावते आणि तोंड उंचावते. विजेवर चालणाऱ्या नव्या स्पोर्ट्स कारची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचे वजन दोन टनांच्या आसपास जाते आणि पोटाखाली बॅटरीची विस्तीर्ण पेटी असते. तिच्यावर जॅक टेकवणे म्हणजे आगीला निमंत्रण; अशा गाडीला तीन टनी जॅक आणि कंपनीने नेमून दिलेल्या चार जागा, याखेरीज दुसरी तजवीज नाही.

पोलाद की ॲल्युमिनियम, हा वादही वारंवार ऐकू येतो. ॲल्युमिनियमचा दीड टनी जॅक पंधरा किलोच्या आसपास भरतो आणि एका हाताने डिकीत ठेवता येतो. पोलादाचा लांब, ठेंगणा जॅक तीस-चाळीस किलोंचा असतो, तो हलवायला दोघे लागतात, पण तो एका जागी ठाम उभा राहतो आणि दांडगाई सोसतो. घरी वर्षातून दोनचार वेळा वापरणाऱ्याने पहिला घ्यावा, गॅरेजाने दुसरा, असे माझे मत आहे. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत कोणताही जॅक घेतला तरी त्याचा मोठा दट्ट्या बाहेर निघालेल्या अवस्थेत ठेवू नये. त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले की ते सील खरवडतात, आणि मग भार घेतलेला जॅक तासाभरात बोटभर खाली उतरतो. तेल कमी झाले म्हणून हाताशी असलेले ब्रेकचे तेल त्यात ओतण्याची चालही काही ठिकाणी दिसते. त्या तेलाने जॅकची रबरी सीले फुगतात आणि निकामी होतात. जॅकचे हायड्रॉलिक तेल मुंबईत नागदेवीच्या हत्यारबाजारात आणि आपल्या औद्योगिक क्षेत्रातील दुकानांतही मिळते, तेव्हा येथे हयगय करण्यास सबब नाही.

किती खाली बसतो हे पाहून झाल्यावर तो किती वर जातो, हेही पाहिले पाहिजे. गाडी उचलण्याचा हेतू ती जॅकवर ठेवणे हा नसून ती जॅकवरून जॅक स्टँडवर उतरविणे हा असतो. साधारण तीन टनी स्टँडची किमान उंची २७० ते ३०० मिलिमीटर असते. गाडीची आधाराची जागा ११० मिलिमीटरवर. तिला ३०० च्या वर न्यावयाचे म्हणजे जवळजवळ वीस सेंटिमीटर उचल हवी, आणि पुढच्या क्रॉस मेंबरला उचलताना चाकांमागची ही जागा जॅकच्या वाटीपेक्षा कमीच वर येते. जो जॅक ८० मिलिमीटरवर बसतो पण ३३० वरच थांबतो, तो गाडी उचलतो खरा, पण स्टँड सारू देत नाही. आणि मग माणूस स्टँडशिवायच खाली शिरण्याचा मोह धरतो. साडेचारशे मिलिमीटरपर्यंत जाणारा जॅक घ्यावा, आणि बुटके स्टँड वेगळे शोधावेत. यातला आणखी एक पेच असा, की पुष्कळ गाड्यांत एका कोपऱ्याला उचलण्याची नेमून दिलेली जागा एकच असते, आणि तिथे जॅक असताना स्टँड लावायला जागा उरत नाही. यासाठी मध्यावरच्या क्रॉस मेंबरला उचलून दोन्ही बाजूंच्या जागी स्टँड लावावेत. तो मार्ग गाडीच्या पुस्तिकेने मान्य केला आहे का, याची खातरजमा आधी करावी. तेलाची टाकी, गिअरबॉक्सचे कवच, प्लास्टिकचे आवरण आणि चाकाच्या हाताचा पत्रा यांपैकी कशालाही जॅक लावू नये.

ज्याच्याजवळ लो-प्रोफाइल जॅक नाही त्याला एक जुना, स्वस्त आणि अत्यंत भरवशाचा उपाय उपलब्ध आहे, तो म्हणजे लाकडी फळ्या. चार-साडेचार सेंटिमीटर जाडीच्या, टायरहून रुंद आणि पुढे तासून उतार दिलेल्या दोन फळ्यांवर गाडी सावकाश चढविली, की ११० ची फट १५० च्या वर जाते आणि साधा जॅकही आत शिरतो. खेड्यात बैलगाडीच्या कण्याला वंगण देताना तरफेने कणा उचलीत, आणि खाली ठोकळा सारल्याखेरीज चाकाला कोणी हात लावीत नसे. फळी, तरफ आणि ठोकळा यांचा तो क्रम आजही जशाचा तसा लागू आहे. क्रम पाळताना एवढेच स्मरणात ठेवावे की हातब्रेक बहुधा मागच्या चाकांना धरतो. मागचा भाग उचलला की तो ब्रेक निरुपयोगी होतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी पाचरी मारल्याखेरीज मागे जॅक लावू नये.

स्टँडवर विसंबतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने तीन टनी आणि सहा टनी जॅक स्टँड परत मागविले, त्यांची संख्या सतरा लाखांच्या आसपास होती. साचे झिजल्यामुळे दात्यांची घडण असमान झाली होती, खिट्टी दात्यांत पुरती बसत नव्हती, आणि भार हलताच स्टँड खाली कोसळण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या जोडकामात पुन्हा दोष निघाला, आणि तेही परत घ्यावे लागले. तेथे निदान परत मागविण्याची यंत्रणा होती. आपल्याकडे भंगारातून वेल्डिंग करून बनविलेल्या स्टँडवर, ज्याला कारागीर घोडी म्हणतात, ना क्षमतेचा शिक्का असतो ना कारखान्याचे नाव. युरोपात फिरत्या जॅकसाठी ईएन १४९४ हे मानक आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात ट्रॉली जॅकसाठी २६१५ क्रमांकाचे मानक आहे, अमेरिकेत यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने जॅक आणि स्टँड या दोहोंसाठी नियम घातले आहेत. घेणाऱ्याने यांपैकी एखादा दाखला जिनसेवर कोरलेला आहे काय, एवढे तरी पाहावे. दात्याच्या खिट्टीखेरीज आडवी पिन घालता येणारा स्टँड मिळत असेल, तर तोच घ्यावा.

कायद्याचे दप्तर उघडले तर आणखी एक उणीव दिसते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमाने उचलयंत्रांची वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी व्हावी, आणि त्यांवर सुरक्षित भार लिहिलेला असावा, असा दंडक घातला. परंतु त्यातील उचलयंत्राच्या व्याख्येत क्रेन, विंच, कप्पी अशी नावे येत होती, जॅकचे नाव येत नव्हते. आणि ज्या गॅरेजात चारपाच माणसे काम करतात, ते त्या अधिनियमाच्या अर्थाने कारखानाच ठरत नव्हते. म्हणजे मोठ्या कारखान्याच्या छतावरील क्रेनला जी दरसालची नजर मिळाली, ती ज्याच्या भरवशावर माणूस गाडीखाली आडवा होतो त्या अवजाराला मिळाली नाही. सरकारने आज ना उद्या ही उणीव भरून काढावी; तोपर्यंत गॅरेजमालकाने आपल्या जॅक व स्टँडची वर्षाला तपासणी करून तारीख त्यावर रंगाने लिहावी.

याच विषयाचे एक उत्साहवर्धक अंग आपल्या तरुणांच्या कामात आढळते. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थी आणि मुंबई-नवी मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे गट ज्या फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी एकआसनी शर्यतीच्या मोटारी घडवितात, त्यांच्या नियमांतच लिहिलेले असते की गाडीच्या मागच्या बाजूला उचलण्यासाठी एक गोल आडवी नळी असलीच पाहिजे, तिला नारिंगी रंग दिला पाहिजे, आणि तिच्याखाली निदान ७५ मिलिमीटर मोकळी जागा असली पाहिजे. गाडीचे पहिले रेखाचित्र काढतानाच तिला कोण, कोठून आणि कशाने उचलणार हे या मुलांना ठरवावे लागते. रस्त्यावरच्या महागड्या गाड्यांत हीच जागा प्लास्टिकच्या झाकणाखाली लपलेली असते आणि कारागिराला हाताने चाचपून शोधावी लागते. गाड्या घडविणाऱ्या बड्या कंपन्यांनी या विद्यार्थ्यांचा कित्ता गिरवावा, असे मला मनापासून वाटते.

उंच गाडीखाली काम करणाऱ्या माणसाला जॅक निसटला तरी चाकांमुळे आणि उंचीमुळे थोडीफार फट राहण्याची आशा असते. आडव्या पडलेल्या माणसाची छाती जमिनीपासून वीस सेंटिमीटरहून अधिक वर येते, आणि ठेंगणी गाडी खाली बसल्यावर तिच्या पोटाखाली अकरा सेंटिमीटर उरतात. चाक काढलेले असेल तर तेही उरत नाहीत. येथे दैवावर सोपविण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. आणि बहुतेक वेळा खाली शिरणारा माणूस गाडीचा मालक नसतो. तो रोजंदारीवर गॅरेजात लागलेला मुलगा असतो, ज्याने आपल्या पगारातून स्टँड विकत घ्यावेत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि उस्तादाने सांगितल्यावर ज्याला नकार देणे जड जाते.

म्हणून तळवलीत किंवा अन्यत्र ज्यांच्या वाहनतळात अशी गाडी उभी आहे, त्यांना माझे सांगणे आहे की टायर बसलेल्या अवस्थेतील फट मोजून घ्या, तीत गादीसह मावणारा आणि साडेचारशे मिलिमीटरपर्यंत उचलणारा जॅक घ्या, आणि त्याच दिवशी चार बुटके स्टँड, चार पाचरी आणि दोन जाड फळ्याही घ्या. गाडीच्या एका टायरच्या किमतीत हे सारे सामान येते. कारागीर दारी आला की ते त्याच्या हवाली करा, आणि स्टँड लागल्याचे स्वतः वाकून पाहिल्याखेरीज कोणालाही आपल्या गाडीखाली जाऊ देऊ नका.